शियांग आजींची पात

चांगगेंग गेला त्याला पस्तीस दिवस झाले होते. त्याची बायको रुईफेन अकराव्या दिवशीच कामावर रुजू झाली. हातपाय आपोआप चालत होते. पाऊस थांबला की वसाहतीतल्या, पावसाचं पाणी गाळणाऱ्या वाफ्यांतून झिरपलेलं पाणी बाटल्यांत भरायचं आणि प्रयोगशाळेत पोचवायचं, हे तिचं काम. वाफे चांगगेंगनेच बांधलेले. तळाला खडी, वर वाळूमिश्रित माती, तिच्यात आयरिसची फुलझाडं आणि बोरू. वाहनतळावरचं तेलकट पाणी आत शिरायचं आणि नितळ होऊन खालच्या नळीतून बाहेर पडायचं.

त्या सकाळी ती तिसऱ्या वाफ्याशी वाकली आणि तशीच राहिली. आयरिसच्या मागे लसणाच्या पातीच्या दोन ओळी होत्या. नुकत्याच कापलेल्या.

तळमजल्यावरच्या शियांग आजी महिनाभर तिच्या दाराशी जिआओझी, म्हणजे पातीचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, ठेवून जात होत्या. चव कळत नव्हती, पण तिच्या पोटात तेवढंच जात होतं.

तिने खुरपं काढलं आणि पात उपटायला लागली.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं?" आजी चपला फटफटवत आल्या. "माझी पात आहे ती!"

"आजी, ही खायची नाही."

"का? तुझाच नवरा सांगायचा ना, ही माती पाणी स्वच्छ करते म्हणून?"

"पाणी स्वच्छ होतं. घाण मातीत राहते. टायरची, तेलाची, शिशाची."

आजी कठड्यावर मटकन बसल्या. "आणि मी तुला महिनाभर तेच भरवलं. मेली माझी अक्कल!"

"एवढ्याने काही होत नाही," रुईफेन म्हणाली. ते खरं की खोटं, तिला ठाऊक नव्हतं. भीतीही वाटत नव्हती, याचंच तिला जरा नवल वाटलं.

पुढचे चार दिवस आजींनी दारच उघडलं नाही. पाचव्या दिवशी रुईफेन चांगल्या मातीची दोन पोती आणि एक लांबट कुंडी घेऊन गेली, तेव्हा त्यांनी दार उघडलं. आजी खुर्चीतून बघत राहिल्या. माती भरून झाल्यावर म्हणाल्या, "रडलीस का गं अजून?"

"नाही."

"बरं. घाई नाही. हात धू, चहा ठेवते."

रुईफेन नळाखाली हात धरून उभी राहिली. पाणी फार गार होतं. बोटं दुखायला लागली तेव्हा तिने नळ बंद केला.