माझी नळी आभाळाकडे

मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. दचकलात ना, मित्रांनो? दचकू नका. साऱ्या हयातीत मी एकाही जिवाचं रक्त सांडलेलं नाही आणि हे सांगताना मला काडीचीही लाज वाटत नाही.

माझी नळी पोलादी, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. काशीगावच्या धाकू शेतकऱ्याने पीक राखण्याच्या परवान्यावर मला घरी आणलं. डोंगरातून रानडुकरं भातात उतरली, की तो माझी नळी आभाळाकडे करून एक बार काढायचा आणि डुकरं पसार व्हायची. त्याची बायको मंदा दसऱ्याला मला कुंकू लावायची. कुणी गंमत म्हणून मला माणसाकडे वळवलं, तर मात्र तिचा पारा चढायचा. "रिकामी हाय म्हनून काय झाला? मानसावर नळी धरायची न्हाय!"

हळूहळू इमारती शिवाराला येऊन भिडल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि जमिनी बळकावणारा रोशन आमच्या शेतावर डोळा ठेवून बसला. त्याच्या कमरेला विनापरवाना गावठी कट्टा असे. रोशनची अर्धी हिंमत त्या कट्ट्यात होती, उरलेली मागे उभ्या असलेल्या पोरांत.

निवडणूक आली, की परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. कट्टा कोण जमा करणार? कायदा पाळणाराच कायद्याला आधी सापडतो. दोन हजार चारच्या विधानसभा निवडणुकीत बंदुका जमा करायचा शेवटचा दिवस उजाडला आणि रोशनने नेमका तोच गाठला. धाकू मला खांद्याला लावून निघाला, तर बांधावर पोरं कुंपणाचे खांब घेऊन हजर.

"जा ना काका, चौकीवर जा. लेट मत करो. आम्ही आहोत इथे," रोशन हसून म्हणाला.

धाकू गेला असता, तर शेत कुंपणात गेलं असतं. न जावं, तर परवाना रद्द आणि वर खटला.

"नाहीतर चालव ना. हिंमत आहे?" रोशनने डिवचलं.

संताप मलाही आला होता. पण धाकूने मला उघडून काडतूस काढलं, खिशात टाकलं आणि मला मांडीवर घेऊन बांधावर बसकण मारली. परवाना त्याने मंदाच्या हाती दिला. "चौकीवर सांग, बंदूक शेतात हाय, मुदत आज सरते. येऊन घेऊन जावा."

जमिनीची तक्रार घेऊन मंदा आधीही चौकीवर गेली होती. 'कोर्टात जा' असं सांगून तिची बोळवण झाली होती. तसंच पुन्हा होणार, या खात्रीने रोशन निवांत खांब रोवत राहिला. मग त्याने धाकूच्या छातीला कट्टा लावला. "उठ!" धाकूचे पाय लटलट कापत होते. मी मांडीवरच होते, मला कळत होतं. पण म्हातारा उठला नाही.

निवडणुकीच्या तोंडावर जमा न झालेली बंदूक म्हटल्यावर मात्र पोलिसांची जीप चिखल उडवत आली. पोरं खांब टाकून पळाली. रोशनने कट्टा भातात फेकला, तो हवालदाराने शोधून काढला.

"बंदूक होती, तर चालवली का नाहीस?" जीपमध्ये चढता चढता रोशनने विचारलं. त्याला हे खरोखरच उमगत नव्हतं.

"चालवली असती, तर शेत तुझा झाला असता," धाकू म्हणाला.

मीही त्याच जीपमधून गेले. चौकीच्या कोठीत मला गंज चढला, इकडे डुकरांनी निम्मं भात लोळवलं. निवडणुकीनंतर मी घरी परतले, पण आता कुलपातच असते. कुणी मला भित्री म्हणतात, खुशाल म्हणू देत!

मित्रांनो, मला तेलपाणी करायला विसरलात तरी चालेल. पण हत्याराच्या जोरावर गुरगुरणाऱ्याला शूर म्हणू नका. पाय कापत असताना जागचा न हललेला माणूस मी पाहिला आहे. शेत अजून त्याचंच आहे.