तिसऱ्या हाकेशिवाय उत्तर नाही

मुलुंडच्या पश्चिमेला इमारती संपतात आणि जंगलाची भिंत लागते, तिथे आमची करवंद टेकडी. करवंदाची एकही जाळी तिथे उरलेली नाही. फायर ब्रिगेडचा बंब खालच्या नाक्यापर्यंत येतो आणि तिथेच अडतो, कारण पुढे गल्ली फार अरुंद. किती अरुंद म्हणाल, तर सीतारामच्या लग्नात सासऱ्याने दिलेलं कपाट वर चढत होतं तोपर्यंत चढलं आणि मग अडकलं. तेव्हा सीतारामने तिथेच त्या कपाटाभोवती घर बांधलं. आजही त्याच्या घरी गेलात की आधी कपाट लागतं आणि मग दार.

तर बंब येत नाही म्हणून आम्ही आमचंच आग पथक काढलं. सगळे कोकणातले, बापजाद्यांपासून गिरणीतले, आणि गिरण्या गेल्यावर कुणी कुरिअरमध्ये, कुणी रिक्षावर, कुणी माझ्यासारखा घरी. पंप एका बंद कारखान्याच्या भंगारातून आणला आणि हातगाडीवर बसवला. चालवायचा दादूने. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा धार एवढी लांब गेली की भांडुपला एका बाईचे वाळत घातलेले कपडे भिजले आणि ती भांडायला टेकडी चढून आली. लोक म्हणतात, मी वाढवून सांगतो. बाई आली होती हे सगळ्यांना मान्य आहे. ती भांडुपची की शेजारच्या चाळीतली, एवढाच काय तो वाद.

वॉकीटॉकीचे सेट मात्र नवे कोरे होते. एका वर्षी गणपती मंडळाने डीजे लावला नाही, त्या वाचलेल्या पैशांत ते आले. त्या वर्षी बाप्पा जाताना स्वतःहून मागे वळून बघत होते म्हणतात, की वाजत का नाही काही.

सेटची व्यवस्था अशी. मंडळाच्या खोलीत मुख्य सेट, त्याला आम्ही बेस म्हणायचो, आणि बेसवर मार्तंड. बाकीचे सेट पथकातल्या माणसांकडे, घरी आणि कामावर. एक बोलला की सगळ्यांना ऐकू येतं, पण उत्तर फक्त बेसने द्यायचं, नाहीतर सगळे एकदम बोलतात आणि कुणालाच काही कळत नाही. पाणीसुद्धा बेसच्या शब्दावर सोडायचं. नोझल धरणारा तयार नसताना दादूने व्हॉल्व्ह उघडला तर पाईप अजगरासारखा उसळतो आणि माणसाला पायऱ्यांवरून खाली फेकतो. इथवर सगळं शहाणपणाचं होतं.

पहिल्याच होळीला भंगारच्या दुकानाला आग लागली. दादू पाणी देतोय, आग विझत आलीय, आणि सेटवर आवाज आला, "पानी बंद करो, टंकी भर गई." दादूने मुकाट्याने पंप बंद केला. दुकान पुन्हा पेटलं आणि छपरापर्यंत गेलं. मागून कळलं की खालच्या टॉवरचे वॉचमन याच चॅनलवर बोलतात. त्यांची टाकी भरली होती.

त्या रात्री मार्तंडने नियम काढला. पहिल्या हाकेला उत्तर नाही, दुसऱ्या हाकेला नाही. तिसरी हाक आली, तरच बेस बोलणार. वॉचमन एकदा ओरडतो, फार तर दोनदा, मग विडी ओढायला जातो. आपला माणूस तिसऱ्यांदा हाक मारणारच.

आमच्यापैकी कुणी हरकत घेतली नाही, कारण नियम वॉचमनसाठी नव्हता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गावाकडे भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला बाहेरून कुणी हाक मारली, तर आजी आमच्या तोंडावर हात ठेवायची. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावेल. ते जे असतं त्याला दोनच हाका मारता येतात, आणि त्यातल्या एकीलाही ओ दिली की गेलात. किरण तेवढा हसला. तो अंधेरीला कॉम्प्युटरवर काम करतो. पण त्याच्या आईला विचारा, घरात पहिल्या हाकेला ओ देतो का तो.

यंदाच्या एप्रिलात, दुपारी, टेकडीच्या मागचं वाळलं गवत पेटलं. वारा आमच्या बाजूला. आग खाली सरकत वरच्या ओळीतल्या घरांपर्यंत आली. त्या ओळीत रेक्झिनच्या पिशव्या शिवायचे कारखाने आहेत, एकेका खोलीतले. रेक्झिन पेटलं की ज्वाळा कमी आणि धूर फार. काळा, जड, घशात चिकटणारा.

ओळ रिकामी केली, पण राधाबाई दिसेना. म्हातारी एकटी राहायची. मार्तंडचा मुलगा देवदत्त सुट्टी होती म्हणून घरी होता. त्याने नोझल घेतलं आणि ओल्या टॉवेलने तोंड बांधून आत गेला. मागे कोपऱ्यावर पाईप धरून सीताराम. खाली पंपापाशी दादू, हात व्हॉल्व्हवर. बेसवर मार्तंड आणि त्याच्या शेजारी मी, चार्जरवरच्या बॅटऱ्या सांभाळत.

राधाबाई मागच्या वाटेने केव्हाच उतरली होती. खाली देवळाच्या कट्ट्यावर बसून सुपारी कातरत होती. हे आम्हाला नंतर कळलं.

सेट खरखरला. "बेस, देवदत्त. घरात कुणी नाही. पाणी सोडा."

मार्तंडचं बोट बटणावर होतं. त्याने दाबलं नाही.

"देवदत्त आहे रे," मी म्हणालो.

"गप रव."

"अरे, तुझा झील आहे."

"म्हणूनच." मार्तंडच्या कपाळावर घाम होता. "ता येता ता आपल्याच माणसाच्या आवाजात येता. परक्याच्या आवाजाक कोण भुलता?"

सेट पुन्हा खरखरला. आवाज बसला होता, मध्ये खोकला. "बेस... पाणी."

"दोन झाल्या," मार्तंड म्हणाला. "तिसरी येवंदे."

आम्ही वाट पाहिली. टेकडीवरच्या प्रत्येक सेटने त्या दोन्ही हाका ऐकल्या होत्या. किरणने रिक्षा स्टँडवर, सीतारामने वीस पावलांवर, दादूने पंपाजवळ. कुणी बोललं नाही, कारण बोलायचं ते बेसने. अख्खी टेकडी कान देऊन उभी होती आणि अख्खी टेकडी गप्प होती. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शांतता पाहिल्या आणि त्यांत काहीबाही घालून सांगितलंही. या शांततेत मला घालायला काही सापडत नाही.

शेवटी दादूलाच राहवलं नाही. त्याने हुकुमाशिवाय व्हॉल्व्ह उघडला. वर पाईप उसळला आणि मोकळाच भिंतींवर आपटत सुटला. त्यावरून सीतारामला समजलं की पुढे नोझल धरणारं कुणी नाही. तो धुरात शिरला आणि देवदत्तला खांद्यावर घेऊन बाहेर आला. भाजला फारसा नव्हता. पण धूर छातीत उतरला होता.

हॉस्पिटलमध्ये त्याला ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी तो थोडं बोलू लागला, वाळलं पान चुरगळावं तसा आवाज. मार्तंड पलंगापाशी उभा. त्याने अन्न घेतलं नव्हतं. मी दाराशी होतो.

"किती वेळा हाक मारलीस रे?" मार्तंडने विचारलं. "मी दोन ऐकल्या. तिसरी मारली होतीस काय? बॅटरी गेली की काय? मी बसलेलो तिसरीसाठी."

देवदत्तने बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग मास्क जरा बाजूला केला.

"मी हाक मारलीच नाही, बाबा. सेट पायऱ्यांवरच पडला माझा. आत गेलो तेव्हा हातात नव्हता."

"मग तो आवाज?"

"मला काय माहीत. माझा नव्हता."

मार्तंड खाली स्टुलावर बसला आणि रडू लागला. रडता रडता सारखी मान हलवत होता, बरोबर, बरोबर, अशी.

मी साठ वर्षं थापा मारतोय. थाप तोंडातून बाहेर पडते तेव्हा तिचं पाऊल कसं पडतं, हे मला कुणी शिकवायला नको. देवदत्त सरळ मुलगा. शाळेत गृहपाठ केला नाही तर बाईंना स्वतः जाऊन सांगायचा. जन्मात एकच थाप मारली त्याने, आणि एवढी साफ की मी तोंडात बोट घातलं. त्याने मास्क परत लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी तो गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर मार्तंड बेसवर परत आला. मला वाटलं होतं की हा माणूस आता संपला. पण तो जेवत होता, दाढी करत होता, येईल त्याला सांगत होता. "ताच होता. माझ्या झिलाचो आवाज काढल्यान. मी ओ दिली असती तर सीतारामही गेला असता, दादूही गेला असता." ऐकणारा मान डोलवायचा. पोरगा गेलेल्या बापाला कोण काय म्हणणार. भिंतीवर नियम खडूने लिहिलेला होता, तो मार्तंडने ऑइलपेंटने लिहिला.

पोरं मात्र बदलली. किरणने एकदा मला जिन्यात गाठलं.

"काका, मी आत अडकलो तर तिन्ही हाका एका दमात मारू काय? चालेल?"

"मार्तंडला विचार."

"विचारलं. म्हणाले, एका दमात मारलेल्या तीन म्हणजे एकच."

"मग जाऊच नकोस आत."

"तेच ठरवलंय बऱ्याच जणांनी," किरण म्हणाला, आणि त्यात चेष्टा नव्हती.

देवदत्तची बायको गंधाली बँकेत आहे, घाटकोपरला. एका रविवारी ती खोलीवर आली. मार्तंड जेवायला गेला होता. तिने टेबलावरचा मुख्य सेट थोडा सरकवला आणि समोर बसली.

"काका, तुम्ही इथे होतात ना त्या दिवशी?"

मी होय म्हणालो आणि मनात चार-पाच गोष्टी जुळवायला लागलो, कुठली सांगावी.

"काही जुळवू नका," ती म्हणाली. "घरच्या सेटवर मी ऐकत होते. स्वयंपाकघरात. दोन्ही हाका. मला माझ्या नवऱ्याचा आवाज कळणार नाही काय? आणि हॉस्पिटलने त्याच्या कपड्यांचं बोचकं दिलं, त्यात त्याचा सेट होता. नर्स म्हणाली, मूठ उघडून काढावा लागला."

"मार्तंडला सांगितलंस?"

"सांगून काय करू? त्याने मरता मरता जे केलं ते मी मोडू?" तिने सेट परत जागेवर सरकवला. "पण काका, पुढचं कोण तरी असणार. असंच हाका मारत. मला ते ऐकत स्वयंपाकघरात बसायचं नाही."

मार्तंड आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमचे कान थकले. सुट्टीच्या दिवशी बेसवर मी बसते."

"नियम पाळशील?"

"तुम्ही शेजारी असालच ना."

त्याला ते बरं वाटलं असावं. घरात दोघंच उरली होती आणि एकमेकांशी जेवणाखेरीज बोलत नव्हती. मग दर रविवारी ती सेटवर, तो शेजारी स्टुलावर, आणि मी खिडकीत. मी म्हशींच्या गोष्टी सांगायचो, आरे कॉलनीतली एक म्हैस आमच्या पथकाच्या भोंग्याला कशी साद द्यायची त्या. दोघंही ऐकल्यासारखं करायची.

मे महिन्यात, अशाच एका रविवारी, खालच्या चाळीतून ओरडा आला. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून धूर. किरण जवळच होता, तो आत गेला. दादूने पंप ओढत आणला आणि हात व्हॉल्व्हवर ठेवला. पाईप थेट मीटरच्या खोलीकडे रोखलेला.

सेट खरखरला. "बेस, किरण."

मार्तंडचा हात आपोआप वर गेला, थांब म्हणायला. गंधालीने बटण दाबलं होतं.

"बोल किरण."

"पाणी नको. लाइन चालू आहे अजून. दादूला पाईप फिरवायला सांगा, वाळू पाठवा. मी भिंतीला टेकून आहे, मला हलता येत नाही."

"दादू, पाणी बंद ठेव, पाईप खाली कर. सीताराम, वाळूच्या बादल्या, मीटरची खोली. किरण, ऐकू येतंय?"

"येतंय."

मार्तंडचा हात तसाच हवेत होता. तो त्याने खाली घेतला.

"पहिल्याच हाकेक?" तो म्हणाला. "किरणच कशावरून?"

"आवाजावरून, बाबा."

मार्तंडने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"त्या दिवशीही?" मार्तंडने विचारलं.

खाली बादल्यांचा आवाज येत होता.

"हो बाबा. त्या दिवशीही."

मार्तंडने मान हलवली. हॉस्पिटलमध्ये हलवली होती तशी नाही, एकदाच. तो उठला आणि अनवाणीच बाहेर पडला. पायऱ्या उन्हाने तापून तवा झाल्या होत्या. तो खाली आगीकडे गेला नाही. वर चढत गेला, जळक्या ओळीच्या दिशेने, आणि वळणावर दिसेनासा झाला. मी उठायला लागलो तर गंधालीने माझ्याकडे न बघता डाव्या हाताने मला त्याच्या मागे जा म्हणून खूण केली. उजवा बटणावर होता.

"वाळू निघाली, किरण," ती सेटमध्ये म्हणत होती. "भिंतीपासून हलू नकोस. आणि गप्प राहू नकोस. काहीही बोल, पण बोलत राहा."