उजवीकडचा खिसा

शिलाई मशीनची सुई कापडात अर्धी रुतून थांबली आणि त्याच वेळी आतल्या खोलीतलं यंत्र एका सुरात बोंबलायला लागलं. वीज गेली होती. टेलरबाई उठून आत धावल्या.

खरं तर याच प्रसंगाची त्यांनी तयारी करून ठेवली होती. सासऱ्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले तेव्हापासून ऑक्सिजनचं ते यंत्र घरात आलं होतं. खोलीतली हवा ओढायची, गाळायची आणि नळीतून म्हाताऱ्याच्या नाकात सोडायची, एवढंच त्याचं काम. पण ते चालायचं विजेवर. म्हणून अडीअडचणीला कोपऱ्यात एक सिलिंडर उभा केलेला. तो घेऊन आलेला माणूस फार घाईत होता. त्याने वर मीटर आणि पाण्याची बाटली बसवून दिली, वरचा नळ फिरवायची चावी बाईंच्या हातात ठेवली. "बाकी सगळं जुळवलंय ताई, फक्त वरचं उघडायचं. मोबाइलवर बघा, ढिगाने व्हिडिओ आहेत," म्हणाला आणि जिना उतरून गेलासुद्धा.

मोबाइलवर बघून शिकणं ही तर बाईंची जुनी खोड. शिवणाच्या वर्गाची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. चेन लावणं, कॉलर बसवणं, कोटाचं अस्तर, सगळं त्या छोट्याशा काचेत बघून आणि कापडाची नासाडी करून शिकलेल्या. इतकी वर्षं व्हिडिओ चाळून त्यांचा एक नियमच झाला होता, की बोलणाऱ्याच्या नादी लागायचं नाही. बोलणारा आधी स्वतःची ओळख सांगणार, मग घंटी दाबा म्हणणार, मग इकडच्या तिकडच्या गप्पा. मुद्द्यावर येईपर्यंत चुलीवरचं दूध उतू गेलेलं असतं. ज्यात नुसते हात दिसतात तो व्हिडिओ खरा. हातांना थापा मारता येत नाहीत.

त्यांची लेक हॉस्टेलवर होती. ती फोनवरून कानीकपाळी ओरडायची, "आई, कुणी टाकलाय ते बघत जा गं. खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचत जा."

"वाचत बसते. मग शर्ट कोण शिवेल, तुझा बाप?"

सिलिंडरचे व्हिडिओही त्यांनी पुष्कळ पाहिले. एका हॉस्पिटलचा होता, पण त्यातल्या डॉक्टरबाई इतकं बोलत होत्या, की बाईंनी तो मध्येच सोडला. शेवटी मनासारखा सापडला. त्यात शब्द म्हणून नव्हता, मागे हलकं संगीत, आणि समोर सिलिंडरला टेकलेली एका माणसाची छाती नि दोन हात. डोकं चित्राच्या बाहेर. तो डाव्या हाताने चावी बसवत होता, घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत होता, मग मीटर चढत होता आणि बाटलीत बुडबुडे येत होते. बाईंनी तो मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि सासऱ्यांनाही दाखवला.

"डावरा आहे," सासरे म्हणाले. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. पुढे आलेले हात बघण्यातच त्यांचा जन्म गेलेला.

"आणि शर्ट बघा ना बाबा. बटणपट्टी बायकांसारखी, खिसा उजवीकडे. कोणी शिवला असेल? असल्या माणसाला मी काज-बटणसुद्धा करायला देणार नाही."

"बायकोचा घातला असेल घाईत," सासरे म्हणाले आणि हसले, हसता हसता खोकले, आणि मग नुसतेच खोकत राहिले. शर्टाचा विषय तिथेच राहिला.

चावी प्रत्यक्ष फिरवून बघायचंही राहिलं. नवरा म्हणाला होता, उगाच गॅस वाया घालवू नकोस, वेळेला पुरायला हवा. नळ उघडायला एकीकडे फिरवतो आणि हे दुसरीकडे कसं, असं बाईंनी विचारलं, तर त्याने तेही उडवून लावलं. "अगं, गॅसचं सगळं उलटंच असतं."

बाईंनी आता यंत्राचं बोंबलणं बंद केलं. त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली ती जास्त वाईट होती, कारण तिच्यात सासऱ्यांचा श्वास ऐकू येत होता. ते उशांना टेकून बसले होते. त्यांनी हात खालीवर करून खूण केली, सावकाश, सावकाश.

बाईंनी नळी यंत्राची काढून सिलिंडरच्या बाटलीला लावली. चावी बसवली आणि काट्याच्या दिशेने फिरवली. ती हलली नाही. जोर लावला, तरी नाही. मीटर जिथल्या तिथे. बाटलीतलं पाणी डबक्यासारखं गप्प.

"येतोय, बाबा. आत्ता येतोय," त्या म्हणाल्या. काय येतोय, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लागला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, गाडी निघतेय, अर्धा तास धरा. नवऱ्याचा फोन कारखान्याच्या कपाटात. कामावर असताना फोन जवळ ठेवू देत नाहीत. समोरच्या घराचं दार बडवलं, त्याला कुलूप होतं. मग त्यांनी पुन्हा तो व्हिडिओ लावला आणि मोबाइल सासऱ्यांच्या पायाशी उभा केला. फिरवतोय की तसंच! त्यांनी दोन्ही हातांनी चावी धरली, पाय रोवले आणि सगळं अंग घातलं. चावी निसटली. बोटांची सालं निघाली.

सासऱ्यांचे ओठ जांभळट दिसायला लागले होते. खांदे कानापर्यंत चढत होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण शब्दाला पुरेल एवढा वारा नव्हता.

सिलिंडर रिकामाच दिला मेल्याने, असं बाईंच्या मनात आलं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. व्हिडिओ संपला होता. शेवटचं चित्र तसंच उभं होतं, बिनडोक्याचा माणूस आणि त्याच्या छातीवरचा तो खिसा. उजवीकडे.

बाई त्या खिशाकडे बघत राहिल्या. भीतीने माणसाची नजर नको तिथे अडकते. सकाळपासून त्या खिसेच लावत होत्या, सगळे डावीकडे. खिसा उजवीकडे कधी जातो? नवशिक्या असताना त्यांच्याकडूनही गेला होता. कापड उलटं पसरलं, उलट्या बाजूने खुणा केल्या, की खिसा जातो, बटणपट्टी जाते, सगळंच इकडचं तिकडे होतं. कापताना कळतसुद्धा नाही. अंगात घातल्यावर कळतं.

बटणपट्टीही इकडची तिकडे. माणूस डावरा. त्याच्या टेलरचं काही चुकलेलं नव्हतं. चित्रच उलट्या बाजूने पसरलेलं होतं.

आणि चावीही.

त्या ताडकन उठल्या. इतका वेळ त्या सिलिंडर उघडत नव्हत्या. होता नव्हता तो जोर लावून त्याला आणखी घट्ट आवळत होत्या. आता स्वतःचाच जोर त्यांना सोडवायचा होता. त्यांनी चावी उलट फिरवून पाहिली. ढिम्म. सवयीने त्या बाहेरच्या मशीनवरची तेलाची कुपी आणायला वळल्या, आणि सिलिंडरवरच्या लाल अक्षरांनी त्यांना जागीच धरलं. तेल लावू नये, भडका उडतो. त्यांनी धावत जाऊन मशीनवरचा अर्धा शर्ट सुईतून ओरबाडला, त्याची बाही चावीला गुंडाळली, म्हणजे पकड निसटू नये, आणि डोळे मिटून उलट दिशेने ओढली.

काही नाही.

"बाबा, मला शिव्या द्या हो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ओढली.

कट्ट असं वाजलं. मग फुस्स झालं. मीटर टुणकन चढला आणि बाटलीतलं पाणी खदखदायला लागलं. बाईंनी नळी सासऱ्यांच्या नाकात नीट बसवली आणि त्यांचा हात हातात धरून बसून राहिल्या. ओठांचा जांभळेपणा इतक्या हळू उतरला, की प्रत्येक श्वासाला वाटावं, हा शेवटचा.

गाडी आली. नर्सने सासऱ्यांच्या बोटाला चिमटा लावून आकडा बघितला, छाती तपासली, आता ठीक आहे, वीज आली नाही तर पुन्हा बोलवा म्हणाली आणि गेली. ती गेल्यावर बाईंनी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं, उजवीकडचा खिसा, डावरा हात, मागचं नुसतं संगीतसुद्धा.

"आई, दुसऱ्याचा व्हिडिओ चोरतात ना, तो पकडला जाऊ नये म्हणून आरशासारखा उलटा करून टाकतात. मूळ माणसाचा आवाजही काढतात. म्हणून संगीत होतं."

"मुका होता म्हणूनच तर घेतला मी."

लेक म्हणाली, "खाली वाच."

बाईंनी तो व्हिडिओ इंटरनेटवर पुन्हा उघडला आणि वाचलं. खाली कुणीतरी बऱ्याच दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं, 'हे चित्र उलटं आहे, असं करू नका.' त्याखाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला होता.

दिवे आले. यंत्र गुरगुरून सुरू झालं. बाहेर शिलाई मशीनचा छोटा दिवाही लागला. बाईंनी नळी पुन्हा यंत्राला जोडली, सासऱ्यांच्या छातीकडे पाहिलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"आता बंद कर तो," सासरे म्हणाले. आवाज कागदासारखा पातळ. "संपेल."

बाईंनी चावी धरली. कुठल्या बाजूला फिरवायची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि हात काही केल्या हलत नव्हता.

त्यांनी चावी सोडली. बाहेर जाऊन मार्किंगचा खडू आणला. सिलिंडरच्या खांद्यावर, चावीच्या मुळाशी, एक मोठा वळणारा बाण काढला आणि त्याच्या टोकाला लिहिलं, 'उघडा'. उलट दिशेने दुसरा बाण काढला आणि त्यापाशी लिहिलं, 'बंद'. अक्षरं शाळेतल्या पोरासारखी वेडीवाकडी आली. मग तो दुसरा बाण बोटाने गिरवत गिरवत त्यांनी चावी फिरवली. बुडबुडे कमी झाले. थांबले.

सासरे मान वाकडी करून बाणांकडे बघत होते.

"उद्या तो खडू पुसला जाईल," ते म्हणाले.

"रोज काढीन."

सासऱ्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तो शर्ट कुणाचा होता? बाही फाडलीस त्याची."

बाई शर्टाकडे बघून म्हणाल्या, "गिऱ्हाइकाचा," आणि मग त्यांना रडू फुटलं.