दीड टनाचा मी आणि युरोपचे बारा टन

बावीस जुलैला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मला कुवेतमधल्या महबूल्यातल्या तीनशे चार नंबरच्या खोलीच्या खिडकीतून कायमचं काढून टाकण्यात आलं. तसा कागद आहे. कागदावर सही आहे, सहीवर शिक्का आहे.

असं काही झालेलं नाही. विसरा. पहिल्यापासून सांगतो.

मी एक जुना, खिडकीत कोंबलेला एसी आहे आणि तुमच्यापैकी कुणीच मला आवडत नाही. तरी आत्मवृत्तात 'मित्रांनो' म्हणायचा रिवाज आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो, तुम्ही जाळी धूत नाही.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे दर चाळीस सेकंदांना मला एक नवा भाऊ होत असे, त्यामुळे कुणाचंच बारसं झालं नाही. नावाऐवजी पोटावर चिठ्ठी चिकटवली : दीड टन. आता हे टनाचं प्रकरण नीट ऐका, कारण पुढे सगळा घोळ त्यावरूनच होणार आहे. आमच्या धंद्यात टन म्हणजे वजन नव्हे. माझं वजन साठ किलो, म्हणजे एखाद्या शिडशिडीत मेव्हण्याइतकं. एक टन बर्फ दिवसभर वितळला तर जेवढा गारवा देईल, तेवढ्या ताकदीला आम्ही एक टन म्हणतो. एसी विकणारा, बसवणारा, दुरुस्त करणारा माणूस टन म्हटलं की हेच समजतो. त्याच्या डोक्यात दुसरा टन शिरत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी मी जहाजातून कुवेतला आलो आणि या खिडकीत बसलो. पहिल्या उन्हाळ्यात माझं काय ते कौतुक! खोलीत राहणारा नाशिकचा इंजिनिअर कामावरून आला की माझ्यासमोर कपाळ टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी आहे." दुसऱ्या उन्हाळ्यात तो माझ्यावर मोजे वाळत घालू लागला. मित्रांनो, भक्तीपासून मोज्यांपर्यंतचा प्रवास असा बारा महिन्यांचा असतो.

त्याच्यानंतर पुष्कळ आले आणि गेले. चार वर्षांपूर्वी फारूक आणि रबिया आले. फारूक रत्नागिरीकडचा, इमारतीच्या डागडुजीच्या कामाला. इमारत कंपनीची, त्यात राहणारे सगळे कंपनीचे, आणि कंपनीचं काम म्हणजे युरोपला जाणारं डिझेल ज्या टाक्यांत साठवतात त्या टाक्या सांभाळणं. फारूक रोज सकाळी माझ्या उजव्या कुशीत एक बुक्की मारतो आणि म्हणतो, "चल म्हाताऱ्या, ऊठ." यालाच तो देखभाल म्हणतो. इमारतीतले साठ एसी त्याच्या गळ्यात आहेत, सगळ्यांच्या जाळ्या तो धुतो. माझी मात्र राहते. सुताराच्या घरचा पाट नेहमी तीन पायांचा.

जुलैच्या तीन तारखेला त्यांना मुलगा झाला, फैजान. बाळंतपणानंतर चाळीस दिवस आई आणि बाळानं घराबाहेर पडायचं नाही, याला ते चिल्ला म्हणतात. रबियाची आई तिकडून रोज फोनवर दिवस मोजून घेते, जणू मुलगी पळून जाणार आहे. बाहेर पन्नास अंश. तेव्हा चाळीस दिवस या खोलीत मी, रबिया आणि एक रडका गोळा. मला तोही आवडत नाही. पण तो माझ्या आवाजाशिवाय झोपत नाही. माझी घरघर थांबली की डोळे टक्क उघडतो आणि सगळ्या मजल्याला कळवतो. एकोणीस वर्षांत माझा आवाज आवडलेला हा पहिला माणूस. आवडनिवड कळण्याचं त्याचं वय नाही, हे मला ठाऊक आहे.

आता प्रभाकर. प्रभाकर पुण्याचा. बावीस वर्षं त्यानं एसी विकले. तीन महिन्यांपूर्वी कंपनीनं त्याला एनर्जी ऑफिसर केलं, कारण युरोपच्या गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, तुमच्याकडे एनर्जी ऑफिसर आहे का, आणि कंपनीनं आधी हो म्हणून मग माणूस शोधला. प्रभाकर समोरच बसला होता.

त्याच गिऱ्हाइकांनी जुलैत एक फॉर्म पाठवला. बावीस तारखेला प्रभाकर तो घेऊन फारूकला समजावायला आमच्या खोलीत आला, म्हणून मीही ऐकला. युरोपला म्हणे तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या आहेत. एक, वीज आणि इंधन कमी जाळायचं. दोन, हिवाळ्यात काहीही झालं तरी इंधन कमी पडू द्यायचं नाही. तीन, हवा तापू द्यायची नाही. तराजूला दोन पारडी असतात एवढंच मला ठाऊक होतं. तीन पारड्यांचा तराजू घेऊन बसलेल्या माणसाकडून मी तरी भाजी घेणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाखाली प्रभाकरनं आदल्या दिवशीच लिहिलं होतं, "आमच्याकडून पुरवठा कधीही थांबणार नाही." त्याच दुपारी आमच्या इमारतीची वीज दोन तास गेली होती.

तिसऱ्या प्रश्नात मागणी होती, 'कर्मचाऱ्यांच्या इमारतीतून निदान बारा टी कमी करून दाखवा.' टी म्हणजे टन हे प्रभाकरला कळलं. कुठला टन, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

"फारूकभाई, सोपं आहे हो!" तो म्हणाला. "दीड टनाचे आठ काढले की झाले बारा. आठ दीडं बारा! युरोपला सुद्धा पाढे आपलेच लागतात. सगळ्यात जुने आठ काढा."

"नि बदली?"

"बदली कसली? नवीन लावले तर टन परत वाढणार नाहीत का?"

फारूकनं बोटांवर जुने एसी मोजले. मग म्हणाला, "साहेब, जुन्यात तर तीनशे चारचा पण येतो. ह्यो."

"यादीत पहिलाच आहे."

"साहेब, एकोणीस दिवसांचा पोर हाय घरात."

"अहो, मग चार दिवस नातेवाइकांकडे पाठवा वहिनींना. खैतानला आहे ना तुमची बहीण?"

पडद्याआडून रबियाचा आवाज आला. "चिल्ला हाय माझा. एकवीस दिवस ऱ्हायलेत. साहेबांना सांगा, हवं तर त्यांनी जाऊन ऱ्हावं खैतानला. नणंद जेवायला चांगलं घालते."

"वहिनी, हा पर्सनल इश्यू नाहीये. हे युरोपचं धोरण आहे."

"युरोपला पोर झालं की त्यांचं पण पंखे काढून नेणार काय तुम्ही?"

प्रभाकर लाल झाला. साडेअकरा वाजले होते. "फारूकभाई, आत्ताच्या आत्ता काढा. साडेतीनला युरोपची मॅडम व्हिडिओवर येणार आहे, मला मोकळी खिडकी दाखवायची आहे. नाही काढलात तर वॉर्निंग लेटर देईन, आणि तुमची खोली पण फॅमिली कोट्यातून काढीन. मग बसा बॅचलर रूममध्ये, आणि यांना पाठवा गावाला."

 मी फारूककडे पाहत होतो. हा माणूस रोज मला बुक्की मारतो, तेव्हा आता तो आनंदानं स्क्रू काढेल, अशी माझी खात्री होती. मी शिव्या जुळवून ठेवल्या होत्या.

फारूक खिडकीपाशी आला, वाकून बाहेर बघितलं, आणि मान हलवली. "जमत नाय, साहेब. कायदा हाय."

"कसला कायदा?"

"जून ते ऑगस्ट, अकरा ते चार, उन्हात काम बंद. ह्याची पाठ बाहेर हाय. उन्हात."

मित्रांनो, मी खिडकीत आहे. माझं तोंड सावलीत आणि पाठ उन्हात. एकोणीस वर्षं मला याची लाज वाटत होती. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही लाज नसून कायदेशीर बाजू आहे.

"पण तुम्ही तर आत उभे आहात!" प्रभाकर ओरडला.

"मी आत. काम बाहेर."

"मग तोंडाकडचा भाग काढा! तो आत आहे ना? तेवढा तरी मोकळा दिसू दे!"

तोंड मात्र सावलीत होतं. फारूकनं माझा दर्शनी भाग काढला, मागची जाळी ओढली. तिच्यावर चार वर्षांची धूळ घोंगडीसारखी बसली होती. रबिया पडद्याआडून म्हणाली, "या खुदा, ह्यातून श्वास घेतं हे पोर?" आणि तिनं ती जाळी बादलीत बुडवून खसाखसा धुतली. ओल्या केसांनी ऊन अंगावर घ्यावं तसं मला झालं. मला काढायला आलेल्या माणसांनी मला साफ केलं. शत्रूंकडून झालेली सेवा पचवायला जड जाते. मी नाइलाजानं खोली आणखी गार केली.

साडेतीनला मॅडमचा फोन आला. प्रभाकरनं मोबाइल हातात धरून मला दाखवलं. तोंड नसलेला, आतडी बाहेर आलेला मी. मॅडम घामाघूम होती. तिच्याकडे छत्तीस अंश होते आणि ऑफिसात एसी नव्हता, कारण धोरण. ती एका कागदानं वारा घेत होती. तो आमचाच फॉर्म होता.

"या यंत्राला काय झालंय?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"मॅडम, आम्ही दीड टन कमी करतोय," प्रभाकर अभिमानानं म्हणाला. "असे आठ. एकूण बारा."

"दीड टन कशाचे?"

"एसीचे, मॅडम."

मॅडमचा कागद हलायचा थांबला. मग तिनं सावकाश, मुलाला शिकवावं तसं सांगितलं की त्यांचा टन म्हणजे खरोखरचं वजन. वीज बनवताना चिमणीतून जो कार्बन वायू सुटतो, त्याचं वजन. वर्षाचं. तिनं तिथल्या तिथे हिशेब केला. कुवेतच्या उन्हाळ्यात असा जुना एसी चालवायला लागणाऱ्या विजेपायी वर्षाला साधारण चार टन वायू हवेत जातो.

मला चक्कर आली. जन्मभर दीड टनाचा म्हणवून घेतलं आणि निघालो चार टनांचा गुन्हेगार. आणि तेही नुसत्या वायूचे! लोक मला जुनाट म्हणाले, खडखड्या म्हणाले, मोजेवाळवण म्हणाले. पण त्या घामाघूम बाईनं एका वाक्यात जे केलं ते कुणी केलं नाही. तिचा सगळ्यात जास्त राग येण्याजोगी गोष्ट म्हणजे तिचं बरोबर होतं.

"म्हणजे आठ काढायची गरजच नाही," प्रभाकर पुटपुटला. "तीनच पुरे."

"एकही काढू नका," मॅडम म्हणाली. "साठही यंत्रांच्या जाळ्या महिन्याला धुवा आणि सगळी चोवीस अंशांवर ठेवा. बारा टन सहज भरतील. सध्या किती अंशांवर असतात?"

फारूकनं संधी सोडली नाही. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, ह्यो चोवीस. साहेबांची केबिन सोळा."

प्रभाकरनं फोन पटकन दुसरीकडे वळवला. तेवढ्यात पडद्याआडून रबियानं विचारलं, "तिला विचारा, पोराला गार ठेवायचा रकाना हाय काय त्या कागदात?"

प्रभाकरला विचारावं लागलं. मॅडमनं घाम पुसत फॉर्म उलटसुलट पाहिला. "नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "फोन जरा त्या यंत्राच्या जवळ न्याल का?" प्रभाकरनं नेला. फोनमधून गारवा जात नाही हे तिलाही ठाऊक असणार. तरी तिनं काही क्षण डोळे मिटून घेतले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण प्रभाकरनं अहवाल अंदाजानं वेळ घालून सकाळीच वरच्या ऑफिसला पाठवून ठेवला होता : 'तीनशे चारसह आठ यंत्रे काढली, वेळ चार वाजून दहा मिनिटे.' वर तो मंजूर होऊन आला होता. मंजूर झालेला अहवाल चुकला म्हणायचं तर मंजूर करणारा चुकला म्हणावं लागतं, आणि तसा रकाना कंपनीत नाही. प्रभाकरनं अहवाल घडी घालून खिशात टाकला. मग फारूकला म्हणाला, "चालू दे. पण हा इथे नाहीये, लक्षात ठेवा."

इथे ओळखपत्राला बताका म्हणतात. बताका नसलेला माणूस समोर उभा असला तरी तो इथे नसतो. माझंही आता तसंच. मी चालतो, पोर झोपतं, रबिया जाळी धुते. पण नसलेल्या यंत्राला गॅस मिळत नाही, पंख्याचं बेअरिंग मिळत नाही, नवी जाळी मिळत नाही. फारूकनं दोनदा मागणी लावली, दोन्ही वेळा उत्तर आलं, 'सदर यंत्र अस्तित्वात नाही.' काल माझ्या पोटातून एक नवा आवाज यायला लागला आहे. फारूकनं बुक्की मारली नाही. कान लावून ऐकत बसला. मला ते मुळीच आवडलं नाही.

म्हणून मित्रांनो, उपदेश नको, अर्ज लिहितो. तुमच्यापैकी कुणाची युरोपात ओळख असेल तर पोचवा.

प्रति, तीन पारडी सांभाळणारे माननीय अधिकारी.
विषय : अस्तित्वात नसलेल्या यंत्रास सुटे भाग मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार यंत्र दिनांक बावीस जुलै रोजी आपल्या बारा टनांत वजा झाले असल्याने ते नाही, ही बाब अर्जदारास मान्य आहे. तथापि अर्जदाराच्या नसण्यावर एक अर्भक झोपत असल्याने, अर्जदारास एक बेअरिंग व थोडा गॅस देण्यात यावा आणि सप्टेंबरअखेरपर्यंत आहे असे समजण्यात यावे. तसे करणे धोरणात बसत नसल्यास, तोपर्यंत उन्हाळाच नाही असे समजण्यात यावे, आणि तसा आदेश सूर्याकडे योग्य त्या मार्गाने पाठविण्यात यावा.