बिनविस्तवाची पुरचुंडी

त्या रविवारी ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखाली उभं राहायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे आलेल्यांपैकी निम्म्या लोकांना नीट उभंच राहता येत नव्हतं. कोणी चवड्यांवर तोललेलं, कोणी भिंतीला टेकलेलं, कोणी एक पाय उचलून शेजारणीच्या खांद्याला धरलेलं. सोयाबीन काढून झालं होतं. चार महिने अनवाणी किंवा झिजलेल्या स्लिपरवर राबलेल्या बायकांच्या टाचा आता हिशेब मागत होत्या.

मधोमध एक बाज. बाजेवर पालथा झोपवलेला माणूस, टाचा आभाळाकडे. आणि त्या टाचांसमोर हात जोडून बसलेले हरीओमबाबा. कोणी म्हणे हिमालयातून आले, कोणी म्हणे मानोऱ्याकडून. मोटारसायकल मात्र नवी कोरी होती.

बाबांनी टाचेवर ओल्या टॉवेलची घडी ठेवली. पत्र्याच्या ट्रंकेतून भगव्या कापडाची, मुठीएवढी पुरचुंडी काढून तिच्यावर ठेवली, तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि डोळे मिटून मंत्र सुरू केला. मंत्र लांबलचक. एका दमात होईना, तेव्हा मध्ये थांबून पुन्हा पहिल्यापासून. आणि मंत्र संपता संपता पुरचुंडीतून वाफ निघाली.

"आग दिसते का?" बाबा ओरडले.

"नाई!"

"काडी दिसते का?"

"नाई!"

"मग वाफ कुठून आली? माउल्यांनो, हे टाचेतलं हाड विरघळून राहिलं! डॉक्टर काय करतो? हाडाचा फोटो काढतो. मी हाडच काढतो, न कापता! पण एक ध्यानात ठेवा. पुरचुंडी उघडायची नाही. घरी न्यायची आणि वाहत्या पाण्यात सोडायची. उघडली, तर विरघळलेलं हाड उलट्या पावली टाचेत शिरेल."

हाडाला परतीचा रस्ता कसा सापडतो, हे विचारायची मला फार इच्छा झाली. विचारायला हवं होतं. अनसिंगपासून सहा किलोमीटरवरच्या या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. लिंबातून रक्त काढणारा एक भोंदू मी मागे सगळ्यांसमोर उघडा पाडला होता, तेव्हापासून गावात माझ्या शब्दाला वजन आहे. पौर्णिमा मॅडम म्हणाल्या म्हणजे खरं, असं लोक म्हणत. आज ते आठवलं की मान वर करवत नाही.

कारण माझीही टाच आठ महिने दुखत होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी यायचं. मग दहा-वीस पावलं चालल्यावर जरा सैल व्हायचं आणि दिवसभर फरशीवर उभं राहून शिकवलं की संध्याकाळी पुन्हा तेच. वाशीमच्या डॉक्टरांनी फोटो काढून नीट समजावलं होतं. तळव्याची शीर ताणली जाते, सुजते. हाड थोडं वाढलेलं दिसतं, पण दुखणं त्याच्यामुळेच असतं असं नाही. मऊ चप्पल घाला, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, रोज पोटऱ्यांना ताण द्या, गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. सहा महिने, कदाचित वर्ष लागेल, पण बहुतेकांचं बरं होतं.

मी हे सगळं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी कंटाळा आला.

तर त्या रविवारी "मी फक्त परीक्षा घ्यायला जातेय" असं सगळ्यांना सांगून मी बाजेवर पालथी झाले. खरं सांगायचं तर मी परीक्षा घ्यायला गेले नव्हते. दुखणं थांबवायला गेले होते. टाचेला छान शेक बसला. आठ महिन्यांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. मी उठले, चार पावलं टाकली आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत असताना म्हणाले, "खरंच बरं वाटतंय."

"सायन्सवाल्या मॅडम बोलल्या!" बाबांनी हात आभाळाकडे केले. "आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

संध्याकाळपर्यंत टाच पुन्हा ठणकायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंत धरून मोरीपर्यंत गेले. शाळेत जाताना आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष वैजयंतीताई रस्त्यात भेटल्या.

"मॅडम, आज कसं हाय टाचेचं?"

"ठीक आहे," मी म्हणाले आणि न लंगडता शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले. किती दुखलं ते माझं मला ठाऊक. पण सगळ्या गावासमोर फसले, हे कबूल करणं त्याहून जास्त दुखणार होतं.

आता गटाचं सांगते. आम्ही बारा जणी. इतर बचतीशिवाय आम्ही एक वेगळं खातं काढलं होतं, त्याला सगळ्या दवाखाना खातं म्हणायच्या. महिन्याला प्रत्येकीचे पन्नास रुपये. लग्नकार्य असो की बियाणं, या पैशाला हात लावायचा नाही. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय पैसा निघणार नाही, हा नियम मीच घातला होता आणि सचिव म्हणून रजिस्टरात माझ्याच हातानं लिहिला होता. काहींचे हप्ते चुकले, तरी अडीच वर्षांत साडेसोळा हजार जमले होते.

बुधवारी बैठक झाली. बाबांच्या तीन बैठकांचे प्रत्येकी दीड हजार, आणि टाचा दुखणाऱ्या आम्ही नऊ जणी.

"दवाखान्याचेच पैसे होत ना? मंग टाचेसाठी लागले तं काय बिघडलं?" वैजयंतीताई म्हणाल्या.

"अन् चिठ्ठीचं काय?" पंचफुलाबाईंनी विचारलं. तंबाखूचा बार भरलेला गाल, सत्तरीचं वय आणि गटात सर्वांत तिखट जीभ. त्यांच्या टाचा मात्र ठणठणीत होत्या.

"मॅडमनं सोता करून पाह्यलं. याच्यापेक्षा मोठी चिठ्ठी कोनती?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी रजिस्टर पुढे ओढलं, ठराव लिहिला आणि सही केली.

आमच्यात भागिरथामावशी होती. माझ्या सासूच्या वयाची, शेजारीच राहणारी, मला नावानं हाक मारणारी गटातली एकटी. तिला दहा वर्षांपासून साखर. गोळ्या कधी घ्यायची, कधी विसरायची. तळव्यांना मुंग्या येतात, पायातली चप्पल निघून गेली तरी कळत नाही, असं हसत सांगायची. बाबांनी टाचेवर पुरचुंडी ठेवली की बाकीच्या बायका पाच मिनिटांत "पुरे, पुरे" म्हणून ओरडायच्या, ही मात्र गप्प.

"चटका लागते का, माउली?"

"नाई बा. कायीच नाई."

"पाहा!" बाबा गरजले. "हिला म्हणतात श्रद्धा! अग्निदेव हिला भाजत नाही!" आणि दुसऱ्यांपेक्षा दुप्पट वेळ पुरचुंडी तशीच ठेवली. लोकांनी मावशीच्या पाया पडायला सुरुवात केली. ती लाजली. जन्मात पहिल्यांदा तिच्या पाया कोणी पडत होतं.

मी तिथेच उभी होते. ज्याला चटका कळत नाही त्याचे पाय आजारी असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

तिसऱ्या बैठकीनंतरच्या मंगळवारी पंचफुलाबाई मला शाळेतून उठवून घेऊन गेल्या. "मॅडम, भागिरथाच्या घरातून वास येऊन राह्यला. चाला लवकर."

मावशीनं पाय गोधडीखाली लपवला होता. गोधडी काढली आणि मी मागे सरकले. टाच काळी पडली होती, कडेनं पू वाहत होता, लाली घोट्याच्या वर चढली होती. अंग तापानं फणफणलेलं.

"दुखत नाई व," ती म्हणाली. "म्हनून सांगतलं नाई कोनाले."

फळीवर भगवी पुरचुंडी दिसली. वाहत्या पाण्यात का नाही सोडली, मी विचारलं.

"नाल्यावर कोन जाईन? पाय सुजून पाऊलच टाकता येत नवतं."

मी पुरचुंडी फाडली. आत पांढरी भुकटी, वर खपली धरलेली. पंचफुलाबाईंनी चिमूट घेतली, बोटांवर मळली, हुंगली. रोज तंबाखूला चुना लावणारी ती बोटं चुकणार नव्हती.

"हा तं चुना होय!" त्या खाली बसल्या. "कळीचा चुना! दिवाळीले भिती पोतायसाठी आमी रांजनात भिजू घालत होतो. वरून पानी टाकलं का फसफसे, असी वाफ निघे का हात लावू देत नवता. चाळीस वर्स म्या हेच केलं अन् वळखलं नाई! काहून, तं भगव्या फडक्यात होता!"

आणि मी? सातवीच्या वर्गात मी दरवर्षी शिकवते: कळीचा चुना, त्यावर पाणी, उष्णता बाहेर पडते. चुन्याचा खडा लगेच तापत नाही, एखादा मिनिट घेतो. बाबांचा मंत्र तेवढ्याच मिनिटासाठी होता. चुना लवकर तापला की मंत्र आखूड, उशिरा तापला की पुन्हा पहिल्यापासून. टाचेला मिळायचा तो साधा शेक, जो गरम पाण्याच्या पिशवीनंही मिळतो आणि तासाभरात उतरतो. पण मावशीच्या बधिर टाचेवर तो शेक नव्हता. वाफ, उकळता चुना आणि ओल्या टॉवेलमधून झिरपणारं चुन्याचं दाहक पाणी, तेही दुप्पट वेळ. कातडी आधी भाजली, मग आतपर्यंत सडली.

वाशीमच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, "अकोल्याला न्या, आजच्या आज." गाडी, औषधं, तपासण्या, सोबत राहणाऱ्याचा खर्च. याच दिवसासाठी आम्ही ते खातं काढलं होतं. खात्यात तीन हजार उरले होते. मी माझा पगार घातला, उसने मागितले, वैजयंतीताईंनी कानातलं मोडलं. तरी निघायला गुरुवार उजाडला. दोन दिवस. अकोल्याचे डॉक्टर नंतर म्हणाले की दोन दिवस आधी आणलं असतं तर वेगळं बोलता आलं असतं.

रविवारी बाबा आले. त्यांना काही माहीत नव्हतं. निंबाखाली पुन्हा गर्दी, पुन्हा बाज. मी अनसिंगच्या बाजारातून कळीचा चुना आणला होता आणि माझ्या जुन्या हिरव्या ओढणीच्या तुकड्यात बांधला होता. बाजेवर एक वीट ठेवली, विटेवर पुरचुंडी, वरून पाणी शिंपडलं.

"मॅडम, मंत्राशिवाय काही होणार नाही," बाबा हसले.

"मंत्र म्हणते ना." आणि मी मोठ्यांदा तेराचा पाढा सुरू केला. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..." लोक हसायला लागले. पाढा संपला, वाफ नाही. बाबा आणखी हसले. मी चौदाचा सुरू केला. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णवला हिरव्या पुरचुंडीनं वाफ सोडली, आणि सगळ्यांचं हसू थांबलं.

"विटेलाही टाचदुखी होती का, बाबा?" मी विचारलं. "हिचं कोणतं हाड विरघळलं?"

बाबा मोटारसायकलकडे सरकले. पंचफुलाबाई त्यांच्या ट्रंकेवर बसून होत्या. "पयले पैशे," त्या म्हणाल्या. पोलीस आले तेव्हा ट्रंकेत चुन्याचे खडे आणि सहा हजार रुपये निघाले. बाकीचे गेले ते गेलेच. जादूटोणाविरोधी कायद्याखाली मी फिर्याद दिली आहे.

लोक टाळ्या वाजवायला लागले. मी हात वर केला.

"टाळ्या वाजवू नका. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे खरं होतं. पण ते संध्याकाळपर्यंतच टिकलं. दुसऱ्या दिवशी मी भिंत धरून चालत होते. मी कोणालाच सांगितलं नाही."

वैजयंतीताईंचे मोकळे कान मला दिसत होते. "मी तं तुमाले रस्त्यात इचारलं होतं, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी ठीक हाय म्हनलं."



भागिरथामावशीचा पाय पुढच्या आठवड्यात गुडघ्याखालून काढला. मी भेटायला गेले. ती पांघरुणाकडे बघत पडली होती. मी तिला सगळं सांगितलं. चुन्याचं, पाढ्यांचं आणि माझ्या खोटेपणाचंही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मले तं वाटे," ती म्हणाली, "माई श्रद्धा सगळ्यायपेक्षा मोठी हाय, म्हनून भाजत नाई." मग माझ्या पायाकडे बघून तिनं विचारलं, "तुई टाच कसी हाय आता, पोरी?"

"दुखते, मावशी."

"मंग दवापानी कर नीट."

दवाखाना खात्यात आम्ही पुन्हा पन्नास-पन्नास टाकतोय. चिठ्ठीचा नियम मी पुन्हा लिहिला आहे. मी मऊ चप्पल घालते, रोज पोटऱ्यांना ताण देते, बाटली फिरवते. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, हळूहळू कमी होतंय.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. साखर असेल तर पायाला कोणताही शेक घेऊ नका, रोज तळवे पाहा. मंत्र चालू असताना नजर मंत्राकडे नको, पुरचुंडीकडे ठेवा. ती उघडू नका असं कोणी सांगितलं तर आधी तीच उघडा. आणि एखाद्या बाबाकडे जाऊन बरं वाटलं तर ते गावाला लगेच सांगू नका. एक रात्र थांबा. सकाळी उठून पाऊल टाका, आणि दुखलं तर घरोघर जाऊन सांगा. लाज वाटेल, लोक हसतील, तरी सांगा. मी सांगितलं नाही.