फाटक्या कानाशी भांडण

अभयारण्यवाल्यांनी वर्षातून एकदा कावींबाच्या गावकऱ्यांसाठी फुकट फेरी ठेवली होती. बाकीचे नटूनथटून ट्रकवर चढले ते सिंह बघायला. म्हातारी मा ओतेंग, म्हणजे ओतेंगची आई, मात्र भांडायला निघाली होती.

भांडण होतं एका हत्तीशी. डावा कान फाटलेला तो बुढ्ढा दरवर्षी कणसं भरू लागली की चोबेच्या जंगलातून येई आणि तिची ज्वारी फस्त करी. डबे बडवा, मिरच्यांचा धूर करा, पठ्ठ्या ढिम्म हलत नसे. शेवटी तिच्या मुलानं, ओतेंगनं, निर्वाणीचं सांगितलं होतं, "आई, पेरणी बस झाली. शहरात, कासानेला माझ्याकडे राहायला ये."

"आधी त्या मेल्याला तोंडावर सुनावते. मग बघू."

ओतेंग अभयारण्यातच ड्रायव्हर, ट्रक तोच चालवत होता. वाटेत सिंहीण दिसली तशी सगळी माणसं एका बाजूला लोटली. मा ओतेंगनं मानसुद्धा वळवली नाही.

"अगं, सिंहीण आहे!" शेजारचा मोथुसी म्हणाला.

"असू दे. तिनं माझं काय खाल्लंय? ओतेंग, नदीकडे घे."

दुपार कलली. ओतेंग परतायचं म्हणू लागला. "तुम्ही जा, मी इथेच उतरते," असं तिनं ऐकवल्यावर त्यानं गुमान गाडी पुढे काढली.

आणि तो दिसला. काठावरच्या लव्हाळ्यात, एकटाच. तोच कान.

मा ओतेंग ताडकन उभी राहिली. तोंड उघडलं, पण शिवी बाहेर येईना. अंधारात शेतातून ओरडणं निराळं होतं. आता तो समोर होता, आणि हत्ती तर तिच्या माहेरचं देवक. देवकापुढे आधी नमायचं, मग बोलायचं, असं बापानं शिकवलेलं.

"हं, घाल की शिव्या!" मोथुसी खिदळला.

"गप रे. आजोबा लागतात माझे." तिनं वाकून, नमनाच्या रीतीप्रमाणे हलकेच टाळ्या वाजवल्या. "आजोबा, बरे आहात ना?"

हत्तीनं लव्हाळा उपटला, बराच वेळ चघळला आणि चोथा तसाच टाकून दिला. पुन्हा उपटला, पुन्हा टाकला. कानशिलं खोल गेली होती, बरगड्या दिसत होत्या.

मा ओतेंगची जीभ आपसूक बोळक्या हिरड्यांवरून फिरली. दात गेल्यापासून तीही पेजेवरच होती. म्हणून हवी होती याला कोवळी ज्वारी! तिला त्याचा राग होताच, आता कळवळाही आला.

"सांगायचं तरी, आजोबा," ती म्हणाली. "बांधाकडच्या ओळी तुमच्या. आत पाऊल टाकलंत तर मात्र मिरच्या जाळीन, देवकबिवक बघणार नाही!"

हत्ती चघळत राहिला. ती खाली बसली.

"ओतेंग, घरी गेल्यावर बियाणं काढ. पाऊस आला की पेरायचं."

"आणि कासाने?"

"मी तिकडे आले तर आजोबांनी खायचं काय?"