शेजारच्या सीटचं वजन

पैलवानाने जॅकचा दांडा दाबला आणि गाडीचं पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. त्याने ते हाताने गरकन फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि तळहाताने थांबवलं. पैलवान तो नावाचाच. गॅरेजच्या निळ्या डगल्यात तो असा दिसायचा, की डगला खुंटीवरच आहे आणि माणूस अजून यायचा आहे.

"काका, अजून विचार करा," तो चेष्टेने म्हणाला. "माझ्याकडे स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवायला येतात ती सगळी मिसरूड फुटलेली पोरं. तुम्ही या वयात असली गाडी दारात नेऊन लावलीत, तर काकू घरात घेणार नाहीत."

"घेईल," बाबा म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ते चाकाकडे पाहत होते.

आईला जाऊन महिना झाला होता. पैलवानाला ते माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं नव्हतं; महिनाभर त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. फोन वाजला की ते तो मुलीच्या हातात देत आणि पाणी प्यायला आत जात. दाराशी आलेल्यांना 'या, बसा' म्हणत आणि पुढचं तिच्यावर सोपवत. ती सांगायची. सांगून सांगून ते वाक्य तिच्या तोंडात गुळगुळीत झालं होतं.

परवा तिची रजा संपत होती. बाबांना बरोबर घेऊनच जायचं असं तिने ठरवलं होतं. तिच्या घरी मागची खोली रिकामी करून झाली होती, खिडकीपाशी टेबल लावून झालं होतं. गाडीला गिऱ्हाईकही मिळालं होतं. तो माणूस उद्या सकाळी यायचा होता आणि फोनवर त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती: गाडीत काही फेरफार केलेले नाहीत ना? या सगळ्यावर बाबा 'बघू' म्हणाले होते. बाबांच्या 'बघू'त आपल्या संसारातली निम्मी कामं बुडाली, असं आई म्हणायची.

आणि आज सकाळी पैलवानाचा फोन आला, स्प्रिंगा आल्यात म्हणून. तो फोन मात्र बाबांनी स्वतः घेतला. चहा तसाच टाकून ते किल्ली हातात घेऊन दारात उभे राहिले. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. तिने ते नीट लावून दिलं आणि चपला घातल्या.

वाटेत तिने विषय काढून पाहिला होता.

"बाबा, उद्या तो माणूस येणार आहे."

"हो."

"स्प्रिंगा बदललेली गाडी तो घ्यायचा नाही."

"मग चहा पिऊन जाईल."

एरवी तिला हसू आलं असतं.

स्प्रिंगा आईसाठी मागवलेल्या होत्या. गाडी बाबांनी हौसेने घेतलेली, उंच, खड्ड्यांना न जुमानणारी. आजारात आईच्या पायांतलं बळ गेलं तशी ती उंची तिला डोंगर झाली. स्टूल ठेवून पाहिलं, तर स्टुलावर चढल्यावर घाबरून तिने बाबांची कॉलर घट्ट धरली ती सोडेना. मग बाबा तिला उचलून आत ठेवायला लागले. दवाखान्यात जाताना ती ते चालवून घ्यायची. पण सहज चक्कर मारून येऊ म्हटलं की म्हणायची, "उगाच उचलून कशाला न्यायचं? मी काय पोतं आहे?" होता होता तिने बाहेर पडणंच सोडलं.

तेव्हा बाबांनी स्वयंपाकघरातली तिची खुर्ची मापली. त्या एकाच खुर्चीवर ती आपली आपण बसू शकायची आणि आपली आपण उठू शकायची. सुतळीला त्या उंचीवर गाठ मारून त्यांनी ती गाडीच्या सीटला लावून पाहिली. सीट तीन बोटं वर निघाली. "तुझे बाबा आता गाडीचे पाय कापायला निघालेत," आईने फोनवर मुलीला सांगितलं होतं, आणि त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी खोकला न येता हसली होती.

स्प्रिंगा बाहेरून मागवाव्या लागल्या. यायला उशीर झाला.

पैलवानाने जुनी स्प्रिंग शिकंज्यात आवळून बाहेर काढली आणि नवी तिच्याशेजारी उभी केली. लाल, बुटकी. जुनी तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहत असल्यासारखी दिसत होती. बाबांनी जुनी उचलून तिच्या वेढ्यांतली माती अंगठ्याने पुसली. ती आता कशालाच लागणार नव्हती, तरी पुसली.

मुलगी दारापाशी उभी राहून पाहत होती. आता कशाला, बाबा? एवढाच प्रश्न सकाळपासून तिच्या जिभेवर होता. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

दुपारी चारी चाकं जमिनीवर आली. पैलवानाने प्रत्येक कोपऱ्यावर भार देऊन गाडी वरखाली हलवली आणि मागे सरकून कमरेवर हात ठेवले. चाकांवरची फट मिटली होती. उकिडवं बसलेलं माणूस मांडी घालून बसावं तशी गाडी दिसत होती.

बाबांनी खिशातून सुतळी काढली. शेजारचं दार उघडून ते वाकले, एक टोक चपलेखाली दाबलं आणि दुसरं सीटच्या कडेशी नेलं. गाठ कडेला लागली. बरोबर लागली. ते तसेच वाकून राहिले, इतका वेळ की मुलीने एक पाऊल पुढे टाकलं. मग त्यांनी सुतळी बोटांभोवती गुंडाळून खिशात ठेवली आणि दार हळूच लावलं, आत कुणी झोपलेलं असावं तसं.

"अजून जरा बसेल हां," पैलवान म्हणाला. "नव्या स्प्रिंगा चालवल्यावर थोड्या दबतात. काकूंना अजूनच सोपं."

आता मात्र सांगायलाच हवं होतं. ते गुळगुळीत वाक्य घेऊन मुलगी पुढे झाली. बाबांनी तिच्याकडे न पाहता नुसता हात वर केला. ती थांबली.

गाडी अलाइनमेंटच्या, चाकं एका रेषेत जुळवायच्या खड्ड्यावर गेली. पैलवानाने चारी चाकांना मापाचे पंजे अडकवले. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे उमटले, बहुतेक सगळे लाल.

"बघा ताई," तो म्हणाला. "गाडी खाली आणली की चाकं वरून आत झुकतात आणि रुसल्यासारखी तोंडं फिरवतात. तशीच सोडली तर महिनाभरात टायर खाऊन टाकेल, आणि सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढेल ते वेगळंच. पण मी रिकाम्या गाडीचं माप घेत नाही. रिकामी गाडी रस्त्यावर चालते का कधी? बसणाऱ्यांचं वजन आत हवं."

त्याने कोपऱ्यातून वाळूच्या पिशव्या आणल्या. दोन बाबांच्या जागेवर ठेवल्या. मग एक मोठी, तोंड शिवलेली पिशवी दोन्ही हातांनी ओढत आणून शेजारच्या सीटवर चढवली.

"काकूंचे चाळीस किलो. काकांनी तेव्हाच सांगितलेलं. मी मुद्दाम वेगळी भरून ठेवली होती, म्हटलं काकांचं काम पक्कं झालं पाहिजे."

पिशवी सीटवर जराशी कलली आणि दाराच्या काचेला टेकून राहिली. मुलगी पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहत राहिली. तिला त्यांतलं काही कळत नव्हतं.

बाबांनी दार उघडलं. त्यांनी एक हात पिशवीच्या मागून घातला, एक खालून.

"अहो काका, काय करताय? कंबर जाईल!"

"सवय आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी आधी पिशवी आपल्या छातीशी टेकवून घेतली, क्षणभर तशीच धरली आणि मग उचलली. बाहेर काढताना त्यांनी आपला खांदा दाराच्या चौकटीत मध्ये घातला, वरच्या कडेला काही आपटू नये म्हणून. पिशवीला आपटण्यासारखं काही नव्हतं.

पिशवी उचलून ते उभे राहिले. ठेवायला जागा शोधत होते. जमिनीवर तेल सांडलेलं होतं. मुलीने भिंतीकडची प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली आणि ओढणीने पुसली. बाबांनी पिशवी खुर्चीत ठेवली. ती एका अंगाला कलंडायला लागली, तशी सावरून पाठीला टेकवली. मगच हात काढले.

"एकाच माणसाचं माप घे, पैलवान." त्यांना धाप लागली होती. "ती गेली. महिना झाला."

पैलवानाने हातातला पाना खाली ठेवला. मग उचलला. पुन्हा ठेवला.

"आणि मी सकाळपासून काकू काकू करतोय."

"तुला काय माहीत. मीच बोललो नव्हतो."

"मग काका, गाडी..." तो अडखळला. "म्हणजे आता हिच्यातून फिरणार कोण?"

"मीच. एकटाच."

हे ते पैलवानाकडे पाहून म्हणाले; पण मग त्यांनी मुलीकडेही पाहिलं, आणि नजर लगेच काढून घेतली नाही. खिडकीपाशी लावलेलं टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं. ती फोन घेऊन बाहेर रस्त्यावर गेली.

"उद्या येऊ नका," तिने त्या माणसाला सांगितलं. "नाही, दुसऱ्या कुणाला दिली नाही. हो. फेरफार केलेत."

ती परत आली तेव्हा पैलवान खड्ड्यात उतरून पान्याने आटे थोडे थोडे फिरवत होता. पडद्यावर एकेक आकडा हिरवा होत होता. बाबा खुर्चीतल्या पिशवीशेजारी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

किल्ली देताना पैलवान हळू आवाजात म्हणाला, "शेजारी कुणी बसलं तर किंचित तिकडे ओढेल, काका. फार नाही. हाताला कळेल, एवढंच."

मुलगी शेजारच्या दाराशी आली. सवयीने तिने पाय उंच उचलला आणि तो उगाचच उचलला गेला. ती थांबली. मग वळून, आई खुर्चीत बसायची तशी, पाठमोरी आधी सीटवर टेकली आणि मागाहून एकेक पाय आत घेतला. कशालाच धरावं लागलं नाही. बाबा पलीकडच्या दारातून पाहत होते.

"बसता येतं," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. नाक ओढलं, रुमाल शोधला, तो सापडला नाही. मग गाडी सुरू केली.

गाडी गॅरेजच्या गल्लीतून बाहेर पडली.

"जेवणाचं काय करणार आहात?" तिने विचारलं.

"बघू."

"बाबा."

"भात येतो मला. वरण शिकेन. ते टेबल राहू दे तसंच, येईन अधूनमधून."

पुढे रस्ता सरळ होता आणि रिकामा. गाडी तिच्या बाजूला किंचित ओढत होती. तिला ते बाबांच्या मनगटांवरून कळलं. मनगटं जराशी पलीकडे वळलेली होती आणि तशीच राहत होती. मुलगी सीटवर आतल्या बाजूला सरकली, दारापासून जमेल तेवढी दूर, अंग चोरून.

बाबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"नीट टेकून बस," ते म्हणाले. "मी धरलंय."